वाचकांचे प्रश्न: स्क्रीन एका रात्रीत, खतावणी कधी?

या खेपेची पत्रं बेळगावच्या उद्यमबागेपासून अथणीपर्यंतची आहेत आणि प्रत्येकाचं ॲप ‘जवळजवळ तयार’ आहे. एआयला मराठीत सांगितलं, त्याने स्क्रीन काढून दिली, मित्रांनी वाहवा केली आणि मग पहिलं खरं गिऱ्हाईक आलं. पत्रं त्यानंतर लिहिलेली आहेत. जागेसाठी ती आम्ही आटोपशीर केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

आमचं मशिन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, टर्निंग-ड्रिलिंग करून परत देतो. मालाच्या चलनांचा घोळ संपवायला ॲपशीटवर (कोड न लिहिता शीटवरून ॲप बनवायचं गूगलचं साधन) ॲप केलं. आता एकाच नंबरची दोन चलनं निघतात आणि शिल्लक नग कधीच जुळत नाहीत. एआयला विचारलं तर दर वेळी नवा फॉर्म्युला देतो. कुठला बरोबर?
— एक वाचक, उद्यमबाग

फॉर्म्युला बदलून हे सुटणार नाही. शेडमध्ये रेंज नसते, तेव्हा ॲपशीट नोंद फोनमध्येच ठेवतं आणि रेंज आल्यावर वर पाठवतं. ‘शेवटचा नंबर अधिक एक’ हे गणित प्रत्येक फोन आपल्याजवळच्या प्रतीवर करतो. दोन्ही फोनांत शेवटचं चलन 412 असेल तर दोघंही 413 काढणार. त्यात तुम्ही चलन नंबरच ओळीची ‘की’ (ॲप ओळ ओळखतं ती खूण) म्हणून ठेवला असेल, तर एक नोंद दुसरीवर बसते आणि एक चलन चक्क गायब होतं. म्हणून ‘की’साठी वेगळा रकाना करा आणि त्यात ॲपशीटचा युनिक-आयडी (आपोआप पडणारी, दुसऱ्या ओळीला न येणारी खूण) भरू द्या; तो कुणी बघायचाही नसतो. शेडमधल्या फोनवर फक्त कच्ची नोंद होऊ द्या. चलन नंबर ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर, छापताना पडू द्या.

शिल्लक न जुळण्याचं मूळ टेबलांच्या मांडणीत आहे. टेबलं चार लागतात: पार्टी, आयटम, चलन आणि चलनाच्या ओळी. आयटममध्ये ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन आणि एका नगाचं वजन. चलनात तारीख, पार्टी, आवक की जावक, गाडी नंबर. खरा माल ओळींत: कुठला आयटम, किती नग, कुठल्या प्रकारचा. हा प्रकाराचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि तिथेच भांडण शिजतं. चांगला माल, मशिनिंग रिजेक्शन, कास्टिंग रिजेक्शन आणि काम न करता परत, असे चार प्रकार तरी हवेत. टर्निंगनंतर ब्लोहोल (कास्टिंगमधली हवेची पोकळी) निघाला तर नुकसान फाउंड्रीचं, साइज गेली तर तुमचं. दोन्ही ‘रिजेक्ट’ म्हणून एकाच ठिकाणी टाकलं की महिनाअखेरीला वाद ठरलेला. शिल्लक कुणी टाइप करायची नाही. आवकेतून चारही प्रकारांची जावक वजा जाऊन ती निघाली पाहिजे.

हिशोब नगांवर जुळवा, वजनावर नको. फाउंड्री किलोत बोलते आणि तुमच्याकडे चिप्स, म्हणजे धातूचा कीस पडतो, त्यामुळे आलेलं आणि गेलेलं वजन कधीच सारखं येणार नाही. वजन माहितीपुरतं ठेवा.

आणखी एक. जावकेच्या प्रत्येक ओळीला ती कुठल्या आवक ओळीतून गेली हे जोडा. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर जीएसटी कायदा तो पुरवठाच समजतो. जॉबवर्कच्या मालाचा हिशोब देणारा आयटीसी-04 हा फॉर्मही माल पाठवणाऱ्यालाच भरावा लागतो. फाउंड्रीचा अकाउंटंट म्हणूनच जुन्या लॉटची विचारणा करतो. आज 150 नग निघाले आणि त्यांतले 100 एका चलनाचे, 50 दुसऱ्याचे असतील, तर ओळी दोन झाल्या पाहिजेत. एकाच ओळीत 150 टाकले की लॉटचा माग तिथेच तुटला.

ॲप हळू चालत असेल तर व्हर्च्युअल कॉलम (शीटमध्ये नसलेले, ॲप स्वतः हिशोब करून दाखवतं ते रकाने) किती आहेत ते बघा. प्रत्येक सिंकला, म्हणजे फोन आणि शीट जुळताना, ते सगळ्या ओळींवर पुन्हा मोजले जातात. काही हजार ओळी झाल्या की चहा पिऊन येईपर्यंत चक्र फिरतं. सिक्युरिटी फिल्टर लावून चालू आर्थिक वर्षच फोनवर उतरवा. शीटमधले मथळे हाताने बदलू नका, फोटोंच्या ड्राइव्ह फोल्डरचं नाव तर मुळीच नको. आणि कार्बनचं चलनबुक अजून एक महिना चालू ठेवा.

शहापूर-वडगावच्या यंत्रमागवाल्यांसाठी साड्यांचा कॅटलॉग आणि ऑर्डरचं ॲप आम्ही दोघांनी लव्हेबल (सांगितल्यावर ॲप बनवणारं एआय) आणि सुपाबेसवर (ऑनलाइन डेटाबेस) बनवलंय. कोड येत नाही. कोल्हापूर, मडगावचे दुकानदार लॉगिन करून आपापला भाव बघतात. परवा कॉलेजच्या एका पोराने लॉगिन न करताच सगळ्यांचे फोन आणि प्रत्येकाचा वेगळा भाव काढून दाखवला. ॲप हॅक झालं काय?
— दोघे वाचक, शहापूर

दार उघडंच होतं. पोराने ढकललं एवढंच. त्याला चहा पाजा.

झालं ते असं. तुमचं ॲप ब्राउझरमधून थेट डेटाबेसशी बोलतं. त्यासाठी लागणारी ‘अनॉन की’ (नव्या खात्यांत तिला पब्लिशेबल की म्हणतात) प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये जातेच आणि ती लपवण्यासाठी नसतेही. कुणाला कुठली ओळ दिसावी हे डेटाबेसच्या आत ठरतं. त्या सोयीचं नाव रो लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे आरएलएस. एआय एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) लिहून टेबल बनवतो तेव्हा ती आपोआप चालू होईलच असं नाही. बंद राहिली तर ती की हातात असलेला कुणीही अख्खं टेबल वाचू शकतो. तुमच्या स्क्रीनवर लॉगिनचा दरवाजा दिसत होता, पण त्या घराला मागची भिंतच नव्हती.

आज पहिलं काम: सुपाबेसच्या डॅशबोर्डवर जाऊन प्रत्येक टेबलाची आरएलएस चालू करा. ॲप लगेच कोरं दिसेल, कारण नियम लिहिलेला नसला की कुणालाच काही दिसत नाही आणि वाचताना एररही येत नाही. दिसू द्या कोरं. दोन दिवस ऑर्डरी फोनवर घ्या. याच घडीला तुम्ही एआयला ‘यादी दिसत नाही, दुरुस्त कर’ म्हणाल आणि तो ‘सर्वांसाठी: होय’ अशा अर्थाचा एक ओळीचा नियम लिहून देईल. यादी झटकन परत येईल, सोबत उघडं दारही. नियमात नुसतं ‘ट्रू’ दिसलं की थांबा. साड्यांचे फोटो आणि डिझाइन नंबर सगळ्यांना दिसले तर हरकत नाही. भाव, फोन आणि ऑर्डरींच्या टेबलावर तो नियम कधीच नको.

हवा असलेला नियम साध्या मराठीत असा सांगा: ‘ऑर्डरच्या ओळीत दुकानदार आयडी असेल, लॉगिन केलेल्याचा आयडी आणि तो एकच असेल तरच ओळ दिसावी.’ वाचणं, घालणं, बदलणं आणि पुसणं या चारही क्रियांसाठी वेगळे नियम मागा. घालताना आणि बदलताना ‘विथ चेक’मध्येही (नवी ओळ तपासणारी अट) हाच आयडी जुळला पाहिजे, नाहीतर दुकानदार आपली ऑर्डर दुसऱ्याच्या नावावर चढवू शकतो. भाव साडीच्या टेबलात ठेवू नका. दुकानदार, डिझाइन, भाव अशा तीन रकान्यांचं वेगळं टेबल करा, कारण आरएलएस ओळ झाकते, रकाना झाकत नाही.

यानंतर चार जागा तपासा. नवख्यांचं बहुतेक तिथेच चुकतं. प्रोफाइलच्या टेबलात ‘भूमिका: दुकानदार/ॲडमिन’ असा रकाना असेल आणि प्रत्येकाला आपली ओळ बदलायची मुभा असेल, तर कुणीही स्वतःला ॲडमिन करून घेईल, भूमिका वेगळ्या टेबलात न्या आणि ते टेबल बदलायचा हक्क कुणालाच देऊ नका. एआयने अहवालासाठी ‘व्ह्यू’ (टेबलांवरून काढलेली तयार यादी) बनवला असेल तर तो सहसा आरएलएसला वळसा घालतो. त्यावर ‘सिक्युरिटी इन्व्होकर’ (बघणाऱ्याला लागू असलेलेच नियम लावायची सोय) चालू करायला सांगा. फोटोंचं बकेट (फाइली साठवायची जागा) पब्लिक आहे का पाहा; साड्यांचे फोटो असू देत, दुकानदारांची जीएसटी सर्टिफिकेटं त्याच बकेटमध्ये नकोत. चौथी जागा पैशाची. ऑर्डरची एकूण रक्कम ब्राउझरने मोजून पाठवलेली असेल तर 42,000 ची ऑर्डर 42 रुपयांची करता येते. ब्राउझरकडून फक्त डिझाइन आणि नग घ्या. रक्कम सर्व्हरवरच्या फंक्शनने मोजावी.

‘सर्व्हिस रोल’ किंवा सीक्रेट की मात्र खरोखर गुप्त असते. तिच्यापुढे आरएलएसचे सगळे नियम निकामी. ती गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या कोडमध्ये, अगदी जुन्या आवृत्तीतही, कधी पडली असेल तर नुसती पुसून भागत नाही. नवी की काढून जुनी रद्द करा.

शेवटी चाचणी. दोन खोटे दुकानदार करा, दोन वेगळ्या ब्राउझरमध्ये लॉगिन करा. पहिल्याने ऑर्डर टाकावी. दुसऱ्याने तिची लिंक उघडून बघावी, बदलून बघावी, पुसून बघावी. मग लॉगिन न करता तेच सगळं. नियमात एक शब्द बदलला तरी ही फेरी पुन्हा करायची, कारण एआय एक बटण दुरुस्त करताना शेजारचा नियमही बदलून ठेवतो.

ज्यांचे भाव उघडे पडले त्या दुकानदारांना तुम्हीच फोन करा. खडेबाजारात ही बातमी तुमच्याआधी पोचली तर ऑर्डरी परत यायच्या नाहीत.

चपला कोल्हापुरी म्हणून विकतो, माल अथणीत बनतो. बिलाचं ॲप एआयने करून दिलं. ते सगळ्यांनाच सीजीएसटी-एसजीएसटी लावतं. बरोबर आहे काय?
— एक वाचक, अथणी

नाही. सीजीएसटी-एसजीएसटी राज्यातल्या राज्यात विकलेल्या मालाला. कोल्हापूरच्या दुकानाला पाठवलेला माल कर्नाटकातून दुसऱ्या राज्यात गेला, तिथे आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य कर. गिऱ्हाइकाच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन अंक म्हणजे राज्य: कर्नाटक 29, महाराष्ट्र 27, गोवा 30. पण फक्त त्यावर नियम लावू नका. ॲपमध्ये ‘पुरवठ्याचं ठिकाण’ असा वेगळा रकाना ठेवा. सीमाभागात दोन प्रसंग नेहमी येतात. कोल्हापूरचा व्यापारी म्हणतो, बिल माझ्या नावाने करा आणि माल बेळगावातल्या अमुक दुकानात टाका. इथे गाडीने सीमा ओलांडलेली नाही, तरी पुरवठ्याचं ठिकाण त्या व्यापाऱ्याचं मुख्य ठिकाण धरलं जातं, म्हणून आयजीएसटी. दुसरा प्रसंग जीएसटी नंबर नसलेल्या गिऱ्हाइकाचा: ऑक्टोबर 2023 पासून बिलावर त्याचा जो पत्ता लिहिला तेच ठिकाण, आणि नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी तो पत्ता समजतात. पत्ताच नसेल तर तुमचं ठिकाण. म्हणजे काउंटरवर पत्त्याचा रकाना ‘असू दे’ म्हणून भरणारा पोरगा कर बदलतोय, हे त्याला सांगून ठेवा.

कराचा दर कोडमध्ये लिहू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या जोडाला 5 टक्के आहे, त्यावर 18. त्याआधी मर्यादा 1,000 ची होती आणि खालच्या जोडाला 12 टक्के. एआयला विचाराल तर कित्येकदा जुना दर ठासून सांगतो. ‘कधीपासून, किती किमतीपर्यंत, किती टक्के’ असं टेबल करा आणि बिलाच्या तारखेवरून दर उचला. जुन्या बिलाचा माल परत आला की क्रेडिट नोटला जुनाच दर लागेल. बिल नंबर 16 अक्षरांच्या आत, आर्थिक वर्षात सलग. राज्याबाहेर माल विकायला उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. काही हस्तकला वस्तूंना सूट आहे, तुमचा जोड त्यात बसतो का हे सीएकडून लिहून घ्या.

पीडीएफ बिलात ‘कित्तूर’ मधली वेलांटी अक्षराच्या पुढे जाते, जोडाक्षरं तुटतात. कन्नडचंही तेच. स्क्रीनवर मात्र सगळं नीट दिसतं.
— एक वाचक, खानापूर

ब्राउझर अक्षरं जुळवतो. पीडीएफ बनवणारी तुमची लायब्ररी (ॲपमध्ये वापरलेला तयार कोड) एकेक चिन्ह ओळीने मांडते. जेएसपीडीएफसारख्या लायब्रऱ्यांत हे हमखास होतं आणि फॉन्ट बदलून सुटत नाही. बिल साधं वेबपान म्हणून बनवा आणि क्रोमच्या प्रिंटमधून पीडीएफ काढा; सर्व्हरवर हेच काम पपेटियर हे क्रोम आपोआप चालवणारं साधन करतं. सर्व्हरवर नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स कन्नड हे फॉन्ट टाका, नाहीतर नुसत्या चौकटी छापून येतील. थर्मल प्रिंटरला मजकूर पाठवूच नका, चित्र पाठवा: 58 मिमी कागदाला 384 ठिपके रुंदी, 80 मिमीला 576.

तुम्ही जोडलेल्या यादीत दुसरंही दुखणं दिसलं. गिऱ्हाइकांची जुनी यादी डीटीपीच्या फॉन्टात आहे. ती दिसते मराठी, पण आत इंग्रजी अक्षरं आहेत. आधी युनिकोडमध्ये बदला. बदलल्यावर रफार, ळ आणि ‘ऱ्य’ डोळ्यांनी तपासा. ‘ऱ्या’ टाइप करायच्या दोन पद्धती आहेत. दिसायला एकच, कॉम्प्युटरला वेगळ्या, म्हणून शोधात ‘बिऱ्हाडे’ आडनावाचे अर्धे लोक सापडत नाहीत. साठवताना एकाच रूपात आणा. फोन नंबरातले देवनागरी अंकही 0 ते 9 करून घ्या. माणूस नावावरून जुळवू नका: एकाच माणसाचं नाव कन्नड कागदावर एक, मराठी वहीत दुसरं आणि आधारवर तिसरं असतं. प्रत्येकाला स्वतःचा कोड द्या.

खत-औषधाच्या दुकानासाठी व्हॉट्सॲप बॉट करतोय, एन8एनवर (वेगवेगळी ॲप जोडून काम आपोआप करून घ्यायचं साधन). शेतकरी विचारेल, एआय उत्तर देईल. एकेकाला दोन-तीनदा तेच उत्तर जातंय. खर्चाचाही अंदाज येईना.
— एक वाचक, चिकोडी

दुहेरी उत्तराचं कारण: व्हॉट्सॲपने निरोप तुमच्या वेबहुकला (निरोप घेणारा तुमचा इंटरनेटवरचा पत्ता) दिला आणि ‘पोचला’ अशी पावती वेळेत मिळाली नाही की तो पुन्हा देतो. तुम्ही एआयचं उत्तर येईपर्यंत पावती अडवून धरली आहे. निरोप आला की लगेच ‘200’ या कोडची (म्हणजे ‘मिळाला’) पावती द्या, निरोपाचा आयडी टेबलात लिहा, मग एआयकडे जा. तोच आयडी पुन्हा आला तर सोडून द्या.

खर्च दोन ठिकाणी. शेतकऱ्याच्या शेवटच्या निरोपापासून 24 तासांत दिलेल्या साध्या उत्तराला व्हॉट्सॲप पैसे घेत नाही. त्यानंतर मंजूर टेम्प्लेटच पाठवता येतं आणि जुलै 2025 पासून त्याचे पैसे दर निरोपाला आहेत. एआयचा खर्च टोकनांवर, म्हणजे मजकुराच्या छोट्या तुकड्यांवर. मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात. 2024 मध्ये ओपनएआयचं जीपीटी-4ओ हे मॉडेल आलं तेव्हा त्याच्या नव्या टोकनायझरने (तुकडे पाडणारा भाग) मराठीचे टोकन आधीच्या 2.9 पट कमी केले, तरी फरक उरतोच. समजा एका उत्तरामागे सूचना, आधीचं बोलणं आणि उत्तर मिळून 3,000 टोकन. दिवसाला 100 प्रश्न म्हणजे 3 लाख, महिन्याला 90 लाख. दर दहा लाखांना एक डॉलर धरला तर 9 डॉलर. पण प्रत्येक निरोपाबरोबर आधीचं सगळं बोलणं पुन्हा पाठवलं जातं. ते शेवटच्या सहा निरोपांवर छाटा, नाहीतर गप्पिष्ट गिऱ्हाईक महागात पडेल.

आता तुम्ही न विचारलेलं. औषधाचं प्रमाण एआयला सांगू देऊ नका. ‘15 लिटरच्या पंपाला किती मिली’ याला तो आत्मविश्वासाने चूक उत्तर देतो आणि फवारणी होऊन जाते. पीक, कीड, औषध, लेबलवरचं प्रमाण, काढणीपूर्वी सोडायचे दिवस असं टेबल लेबल समोर ठेवून हाताने भरा. एआयने फक्त प्रश्नातून पीक आणि औषध ओळखावं, आकडा टेबलातून यावा. टेबलात नसेल तर ‘दुकानात फोन करा’ एवढंच. व्हॉइस नोट घेत असाल तर ऐकलेलं वाक्य आधी परत लिहून दाखवा आणि होकार घ्या; आपल्याकडच्या मराठीत निम्मे शब्द कन्नड असतात आणि यंत्र तिथे ठेचकाळतं.

प्ले स्टोअरवर ॲप चढवलं, पण ‘प्रॉडक्शन’चं, म्हणजे सगळ्यांसाठी खुलं करायचं बटणच चालत नाही. — एक वाचक, निपाणी

तुमचं वैयक्तिक खातं 13 नोव्हेंबर 2023 नंतरचं आहे. अशा खात्याला किमान 12 जणांची बंद (निवडक लोकांपुरती) चाचणी सलग 14 दिवस चालवावी लागते. बारा जण मध्येच गळतात, म्हणून वीस जण घ्या. संस्थेच्या खात्याला ही अट नाही, पण डी-यू-एन-एस नंबर (संस्थेचा आंतरराष्ट्रीय ओळख नंबर) लागतो. तुमचं ॲप फक्त निपाणीतल्या तीस दुकानांसाठी असेल तर वेबपानाचा शॉर्टकट फोनवर ठेवा आणि हे सगळं विसरा.

परदेशी एआय टूलचे पैसे भरताना बँकेचं कार्ड सारखं नाकारलं जातं. — एक वाचक, हुक्केरी

बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. ते मुळात बंदच येतात. पहिला महिना गेला आणि दुसरा अडला तर ई-मँडेटची (दर महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगी) मंजुरी राहिली आहे. जीएसटी नंबर असेल तर खात्यात भरा. मग कर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी तुम्ही भरायचा.

प्रोप्रायटरशिप आहे. स्टार्टअप इंडियाची मान्यता मिळेल? — एक वाचक, गोकाक

नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी करावी लागेल. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र प्रोप्रायटरला मिळते आणि ती फुकट आहे. ती करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

कोल्हापूरचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणतं, सोर्स कोड द्या, उद्या तुमचं टूल बंद पडलं तर? आमचं ॲप बबलवर (कोड न लिहिता ॲप बनवायचं साधन) आहे. काय सांगू? — एक वाचक, टिळकवाडी

त्यांची शंका रास्त आहे. मे 2025 मध्ये बिल्डर डॉट एआय ही ॲप बनवून देणारी नावाजलेली कंपनी दिवाळखोरीत गेली. बबलवरून कोड बाहेर काढता येत नाही, डेटा काढता येतो. हे आधीच लिहून सांगा. अशाच दुसऱ्या साधनाच्या, फ्लटरफ्लोच्या पैसे भरलेल्या प्लॅनमध्ये कोड उतरवता येतो, लव्हेबल गिटहबवर ठेवतं, ॲपशीटचा डेटा तुमच्याच शीटमध्ये असतो.

करारात तीन गोष्टी घाला: दर रविवारी सगळ्या टेबलांची सीएसव्ही (कुठल्याही शीटमध्ये उघडणारी साधी फाइल) त्यांच्या ड्राइव्हवर जाईल, टेबलांची मांडणी आणि हिशोबाचे नियम मराठी-इंग्रजीत लिहिलेली दहा पानं देऊ, टूल बंद पडलं तर नव्वद दिवसांत दुसऱ्यावर उभं करून देऊ, त्याचा दर आत्ताच ठरवू. मग एका शनिवारी त्यांच्यासमोर बसा आणि त्या सीएसव्हीवरून मागच्या महिन्याचं एक बिल कोऱ्या शीटमध्ये पुन्हा काढून दाखवा. नाही निघालं तर कुठला रकाना राहिला ते तिथेच कळेल.